कॉमन जार नेमकी कोणाची? (चौदा सर्व्हिसेस, एक लायब्ररी आणि शनिवारची सकाळ)

परसोडीकर · सोमवार, रात्री १०:१२

राम राम मंडळी. आयटी पार्कातल्या एका छोट्या कंपनीत टीम सांभाळतो. अकरा डेव्हलपर, जावाच्या चौदा सर्व्हिसेस (स्वतंत्र चालणारे छोटे प्रोग्रॅम), रिॲक्ट या स्क्रीन बनवायच्या लायब्ररीतले दोन फ्रंटएंड. या सगळ्या जावावाल्यांच्या पोटात 'कॉमन' नावाची एक जार आहे, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायच्या कोडचं एक गाठोडं. चार वर्षांपूर्वी दोन सर्व्हिसेसमध्ये तारखेचा तोच कोड दिसला म्हणून मीच ती काढली. आज तिच्यात तारखा आहेत, पॅन नंबर तपासणं आहे, रुपये-पैसे गोल करणं आहे, एसएमएसचे साचे आहेत, पीडीएफ आहे, लॉगिनचा फिल्टर आहे, आणि कोणीतरी टाकलेली विदर्भातल्या तालुक्यांची यादीसुद्धा आहे. व्हर्जन पहिल्या दिवसापासून एकच: १.०-स्नॅपशॉट, म्हणजे अजून कच्चा मसुदा.

शुक्रवारी रिपोर्टिंगवाल्या पोराला रक्कम चार दशांशांपर्यंत गोल करायची होती. त्याने कॉमनमधल्या फंक्शनला दुसरा पॅरामीटर जोडला. त्याची सर्व्हिस कंपाइल झाली, टेस्ट हिरव्या, मर्ज. सीआयने (आपोआप बिल्ड करणारी यंत्रणा) नवा स्नॅपशॉट नेक्ससवर, म्हणजे आमच्या जार ठेवायच्या कोठारात, चढवला. तासाभराने बिलिंग बघणाऱ्या मुलीने ईमेलच्या मजकुरात 'पावति'चं 'पावती' केलं. एक वेलांटी. बिल्ड हिरवा, डिप्लॉय.

रात्री ११ ला चलानाची बॅच लागते. बिलिंग स्वतः ते गोल करायचं फंक्शन बोलावतच नाही. ती 'चलान-क्लायंट' नावाची दुसरी जार वापरते, आणि ती जार जुन्या कॉमनवर कंपाइल झालेली. तिला एका पॅरामीटरवालं फंक्शन हवं होतं, ते आता शिल्लकच नव्हतं. नोसचमेथडएरर. बॅचभोवती 'कॅच एक्सेप्शन' होतं, तरी निसटलं, कारण हा एक्सेप्शन नाही, एरर आहे. जावात दोघांचं खानदान वेगळं. ना अलर्ट गेला, ना रिट्राय झाला. शनिवारी सकाळी ग्राहकाचा फोन आला तेव्हा मी गोकुळपेठेत मेथीची जुडी हातात धरून उभा होतो.

कहर म्हणजे त्या मुलीने डिप्लॉयच्या आधी बॅच स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून बघितली होती. चालली! मेव्हन (जावाचा कोड बांधणारं आणि लागणाऱ्या जार आणणारं टूल) स्नॅपशॉट नवा आला का हे दिवसातून एकदाच विचारतो, ती सेटिंग आम्ही कधी बदललीच नव्हती. तिच्याकडे सकाळचा माल होता, सीआयकडे संध्याकाळचा.

जुनी डॉकर इमेज (सर्व्हिसचं आधीचं तयार पॅकेज) परत चढवली, साडेबारापर्यंत चलानं निघाली. आता साहेब म्हणतात कॉमन बंद करा, ज्याने त्याने आपापला कोड ठेवा. आमचा एक सिनिअर म्हणतो सगळं एका रिपोत (कोडच्या एकाच साठ्यात) आणा. मला दोघांचंही अर्धं-अर्धं पटतं. तुमच्याकडे कसं करता?

तर्री_मारके · सोमवार, रात्री १०:२०

प्रॉडक्शनमध्ये स्नॅपशॉट. चार वर्षं. आणि फुटलं ते आत्ता? भाऊ, तुमचं कुलदैवत कोणतं तेवढं सांगा, आम्हीही नवस बोलतो.

वर्धा_रोड · सोमवार, रात्री ११:०५

हसून झालं असेल तर बोलू. स्नॅपशॉट म्हणजे पाटी तीच, आतला माल रोज वेगळा. रिलीज व्हर्जन काढायला लागा आणि नेक्ससच्या रिलीज रिपोला तेच व्हर्जन पुन्हा चढवायची बंदी घाला, तशी सेटिंग आहे. १.४.२ चुकलं? १.४.३ काढा. आकड्यांना काही पैसे पडत नाहीत.

आकड्यांचा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो: मोडतोड केली तर पहिला आकडा वाढवा, नवं जोडलं तर दुसरा, दुरुस्ती केली तर तिसरा. घोळ होतो तो मोडतोड कशाला म्हणायचं यात. तुमच्या पोराला वाटलं असणार की मी तर जोडलंच. पण जावाच्या लेखी फंक्शनची जुनी सही (नाव आणि पॅरामीटर मिळून) पुसली गेली. जुनं फंक्शन जागच्या जागी ठेवून शेजारी दोन पॅरामीटरवालं लिहिलं असतं, आणि जुन्याने आतून नव्यालाच हाक मारली असती, तर तुमची मेथी शांतपणे घरी पोचली असती. आणि हे रिव्ह्यू करणाऱ्याच्या डोळ्यांवर सोडू नका. रेव्हापीसारखी टूल्स जुनी आणि नवी जार शेजारी ठेवून कोणत्या सह्या गायब झाल्या ते दाखवतात. कॉमनच्या सीआयमध्ये लावून टाका.

आता मेव्हनची एक खोड, जी वर्षानुवर्षं मेव्हन वापरणाऱ्यांनाही ठाऊक नसते. एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन्स झाडात (कोण कोणाला ओढून आणतं त्या उतरंडीत) आली तर तो नवं निवडत नाही, जवळचं निवडतो. जॅक्सन लायब्ररीचं २.९ तुमच्यापासून दोन पायऱ्यांवर आणि २.१५ तीन पायऱ्यांवर असेल तर २.९ जिंकतं. अंतर सारखं असेल तर पॉममध्ये (मेव्हनची यादीची फाईल) आधी लिहिलेल्याच्या वाटेचं. म्हणजे कोणी पॉममधल्या दोन ओळी वर्णानुक्रमे लावल्या तरी प्रॉडक्शनला वेगळी जार जाऊ शकते. आमच्याकडे गेली आहे. ग्रेडल या दुसऱ्या टूलमध्ये याच्या उलट, सगळ्यांत वरचं व्हर्जन घेतलं जातं. गो भाषेचा न्याय तिसराच: ज्याने त्याने 'किमान इतकं हवं' म्हणून सांगायचं, त्या किमानांतलं सर्वांत मोठं घ्यायचं, आणि त्यापुढे एक पाऊल टाकायचं नाही, मग बाजारात कितीही नवं येवो. मला विचाराल तर या तिघांत गोचं सगळ्यांत शहाणपणाचं.

तुम्ही मेव्हनवर आहात तर एक बीओएम काढा. तो नुसता पॉम असतो, कोड शून्य. कोणती लायब्ररी, कोणतं व्हर्जन, एवढीच यादी. प्रत्येक सर्व्हिसने तो डिपेंडन्सी-मॅनेजमेंटमध्ये इम्पोर्ट करायचा आणि स्वतः कुठेही व्हर्जन लिहायचं नाही. स्प्रिंग बूट (जावा सर्व्हिसेसचा तयार सांगाडा) तुम्हाला आतून हेच तर देतं. जोडीला एन्फोर्सर प्लगिनचा डिपेंडन्सी-कन्व्हर्जन्स नियम चालू करा, झाडात दोन व्हर्जन्स भांडली की बिल्ड लाल. पहिला आठवडा जीव खाईल, तयारी ठेवा.

परसोडीकर · मंगळवार, सकाळी ९:४०

ऑफिसला येऊन बिलिंगचं झाड काढलं. मधल्या पन्नासेक ओळी गाळून टाकतो:

बिलिंग
— चलान-क्लायंट १.०-स्नॅपशॉट
— — कॉमन १.०-स्नॅपशॉट (वगळलं, आधीच आहे)
— कॉमन १.०-स्नॅपशॉट
— — पीडीएफची लायब्ररी
— — एक्सेलची लायब्ररी
— — ग्वाव्हा १८

ग्वाव्हा ही गूगलची जावा लायब्ररी, आणि १८ म्हणजे २०१४ सालचं. कोण वापरतं म्हणून शोधलं तर एकच जागा: स्ट्रिंग रिकामी आहे का ते बघायला. आणि आमची एसएमएस सर्व्हिस, जी जेमतेम दोनशे ओळींची आहे, ती रोज पीडीएफ, एक्सेल आणि तालुक्यांची यादी उरावर घेऊन उठते.

दुसरी गोष्ट. चलान-क्लायंटचा सोर्स (मूळ कोड) गिटमध्ये सापडत नाही. नेक्ससवर जार आहे, तारीख २०२१ ची. रिपो नाही.

तर्री_मारके · मंगळवार, सकाळी ९:४४

सोर्स नाही?

परसोडीकर · मंगळवार, सकाळी ९:४५

शोधून राहिलो.

धरमपेठी · मंगळवार, दुपारी १:३०

मी फ्रंटएंडवाली आहे, जावातलं मला फार कळत नाही. पण तुमचे दोन रिॲक्ट ॲप एखादी कॉमन कंपोनंट लायब्ररी वापरत असतील तर हे वाचून ठेवा, माझे दोन दिवस गेलेत यात. आम्ही आमच्या लायब्ररीच्या पॅकेज फाईलमध्ये रिॲक्ट सरळ डिपेंडन्सीमध्ये लिहिलं होतं. ॲपमध्ये एक रिॲक्ट, लायब्ररीच्या पोटात दुसरं. एनपीएमला (जावास्क्रिप्टची पॅकेजेस आणणारं टूल) त्याचं काही वाटत नाही, तो दोन्ही आपापल्या फोल्डरमध्ये सुखाने ठेवतो. पण स्क्रीनवर 'इनव्हॅलिड हूक कॉल', आणि ज्या फाईलकडे बोट दाखवतो ती फाईल अगदी निर्दोष. 'एनपीएम एलएस रिॲक्ट' चालवल्यावर दोन ओळी दिसल्या आणि मी कपाळावर हात मारला. रिॲक्टसारखी गोष्ट लायब्ररीने पीअर डिपेंडन्सी म्हणून मागायची. मी आणत नाही, यजमानाकडे आहे तेच वापरेन, असा त्याचा अर्थ.

आणि सीआयवर 'एनपीएम इन्स्टॉल' नको, 'एनपीएम सीआय' चालवा. तो लॉकफाईलमध्ये (नेमक्या व्हर्जन्सची गोठवलेली यादी) लिहिलंय तेच आणतो. लॉकफाईल आणि पॅकेज फाईल जुळत नसेल तर चक्क थांबतो. आमच्याकडे एक मुलगा मर्जमध्ये भांडण नको म्हणून दर वेळी लॉकफाईल डिलीट करून नवी बनवायचा. अगदी प्रेमाने. सहा महिने कोणाला पत्ता नव्हता.

खामल्याचा_पोहेवाला · मंगळवार, दुपारी २:१५

मी तुमच्या साहेबांच्या बाजूने. बंद करा ती जार. पॅन म्हणजे पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. एका ओळीचा रेजेक्स (अक्षरांचा साचा). याला लायब्ररी लागते? मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड पडले. डाव्या बाजूला शून्यं भरायला! थोडं कॉपी-पेस्ट केल्याने कोणी मरत नाही. चौदा सर्व्हिसेस एकमेकींच्या गळ्यात गळा घालून बुडण्यापेक्षा बरं.

वर्धा_रोड · मंगळवार, दुपारी २:४०

पॅनचं उदाहरण चांगलं घेतलंत, कारण त्यातच उत्तर आहे. पॅनचं चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं: पी म्हणजे व्यक्ती, सी म्हणजे कंपनी, वगैरे. तुमच्या चौदा कॉप्यांपैकी किती जण ते तपासतील? पहिल्या दिवशी चौदा कॉप्या सारख्या असतात. दोन वर्षांनी सहा ठिकाणी चौथं अक्षर तपासलं जातं, पाच ठिकाणी नाही, आणि तीन ठिकाणी लहान लिपीतला पॅन नाकारला जातो. मग ग्राहक विचारतो, नोंदणीला चाललेला पॅन बिलिंगला का चालत नाही?

पण तुमचं अर्धं म्हणणं मान्य. स्ट्रिंग रिकामी आहे का ते बघायला जार नको. माझा ठोकताळा असा: दोन जागी वेगळं वागलं तर ग्राहकाला कळेल का? कळत असेल तर एका जागी ठेवा. नसेल तर खुशाल कॉपी करा.

खामल्याचा_पोहेवाला · मंगळवार, दुपारी २:५२

मग जीएसटीचे दर पण कॉमनमध्ये ठेवणार का? २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले तेव्हा एका मित्राकडे दर लायब्ररीत कोरलेले होते. नऊ सर्व्हिसेस नव्या व्हर्जनने पुन्हा बिल्ड करून मध्यरात्री एकत्र चढवल्या. लायब्ररीचा फायदा म्हणतात तो हाच का?

वर्धा_रोड · मंगळवार, दुपारी ३:००

नाही. दर ही माहिती आहे, ती टेबलात ठेवायची, 'या तारखेपासून' असा कॉलम लावून. लायब्ररीत फार तर हिशेब कसा करायचा ते. तुमच्या मित्राचं दुखणं जारचं नव्हतं.

जुना_खेळाडू · मंगळवार, रात्री ९:२०

पोरांनो, डिसेंबर २०२१ आठवतो का? मी तेव्हा मिहानमधल्या एका कंपनीत होतो. शुक्रवारी सकाळी बातमी आली की लॉगफोरजेमध्ये (नोंदी लिहिणारी जावा लायब्ररी) नुसती एक विशिष्ट ओळ लॉग झाली तरी बाहेरचा माणूस आपल्या सर्व्हरवर कोड चालवू शकतो. साहेबांनी एकच प्रश्न विचारला: आपण कुठे कुठे वापरतो? त्या प्रश्नाला आम्हाला चार दिवस लागले. दुरुस्ती नव्हे, नुसतं उत्तर.

पॉममध्ये शोधलं तर सात जागा. सर्व्हरवर जार फाईली उघडून शोधलं तर एकोणीस. कारण काही विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरने लॉगफोरजे स्वतःच्या जारमध्ये कालवून टाकलं होतं. बाहेरून नाव वेगळं, आत तेच. एक तर जारच्या आत वॉर (वेब ॲपचं गाठोडं), वॉरच्या आत जार. आणि २.१५ लावून हुश्श करतो न करतो तोच २.१६ आलं, मग २.१७, महिना संपता संपता २.१७.१. थंडीचे दिवस, रात्री दोनला ऑफिसबाहेर शेकोटी करून वॉचमनसोबत बसलेलो आठवतो.

हे सांगायचं कारण असं की कॉमन मोडा, ठेवा, एका रिपोत आणा, काहीही करा, पण 'कोण काय वापरतं' याचं उत्तर पाच मिनिटांत मिळालं पाहिजे. प्रत्येक बिल्डसोबत एसबीओएम (आत काय काय भरलंय त्याची यादी) काढून ठेवा. सायक्लोनडीएक्सचं मेव्हन प्लगिन आहे, अर्ध्या तासाचं काम. सर्ट-इननेही (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) ऑक्टोबर २०२४ मध्ये एसबीओएमच्या मार्गदर्शक सूचना काढल्यात. सरकारी किंवा बँकेचं काम असेल तर आज ना उद्या मागतीलच.

आणि कॉप्या करणाऱ्या भाऊंना एवढंच विचारतो, कॉपी केलेल्या कोडमध्ये भोक निघालं तर कोणतं टूल शोधून देणार?

इतवारी_बॉय · मंगळवार, रात्री १०:०२

मी इतक्या वेळचा वाचून राहिलो, सगळे टूलच सांगून राहिले. अबे पण थ्या जारचा मालक कोण हाये थे तं सांगा कोणी! परसोडीकर भाऊ, राग नका मानू. तुमच्या इथं कॉमनमध्ये कोणीबी टाकते, कोणीबी मर्ज करते, आन् फुटलं का सगळे एकमेकायच्या तोंडाकडे पाहते. सगळ्यायचं म्हंजे कोणाचंच नाही. तालुक्यायची यादी कोणं टाकली? नाही ना माहीत. बस, तिथंच तं गेम आहे.

आमच्या इथं बी असंच होतं. मंग आमच्या ताईनं एक काम केलं. कोडओनर्सच्या फाईलीत दोन नावं टाकली आन् सांगितलं, या दोघायच्या हो शिवाय कॉमनमध्ये एक ओळ जाणार नाही. पहिले पंधरा दिवस पोट्टे लय चिडले. "एका फंक्शनसाठी दोन दिवस थांबू काय?" मंग काय झालं, अर्ध्या लोकायनं थे फंक्शन आपल्याच सर्व्हिसमध्ये लिहून टाकलं. आन् थेच पाहिजे होतं! ज्याले खरंच गरज होती थोच थांबला.

अजून एक. थ्या दोघायले कामात घंटे दिले, आठवड्याचा एक दिवस. फुकटात कोणी मालकी करत नाही राजेहो.

परसोडीकर · मंगळवार, रात्री १०:१५

राग कशाचा, बरोबर बोललात. यादी कोणी टाकली ते पाहिलं आज. मीच. २०२२ मध्ये.

तर्री_मारके · मंगळवार, रात्री १०:१६

😂😂😂

फुटाळ्यावरचा · बुधवार, सकाळी ८:५०

एका रिपोबद्दल कोणीच नीट बोललं नाही म्हणून लिहितो. तुमच्या सिनिअरचं म्हणणं वेडगळ नाही. गूगलने २०१६ मध्ये स्वतःच्या एकाच रिपोबद्दल सविस्तर लिहिलं होतं: दोन अब्ज ओळींचा कोड, ८६ टेराबाइट, आणि बाहेरच्या लायब्ररीचं शक्यतो एकच व्हर्जन. लोक ते वाचून म्हणतात, आपण काय गूगल आहोत का? मी उलट म्हणतो. त्यांना त्यासाठी स्वतःचं वेगळं सोर्स कंट्रोल बांधावं लागलं. तुम्ही अकरा जण आहात, तुम्हाला साधं गिट पुरेल. शुक्रवारचा बदल एका रिपोत झाला असता तर बिलिंग आणि चलान-क्लायंट त्याच पीआरमध्ये (बदल तपासणीला ठेवतात तो प्रस्ताव) कंपाइल झाले असते आणि तिथेच अडलं असतं.

मात्र एका भ्रमात राहू नका. रिपो एक झाला म्हणून डिप्लॉय एक होत नाही. बिलिंग आज चढेल, रिपोर्टिंग परवा. कॉमनमध्ये तुम्ही सर्व्हिसेस एकमेकींना पाठवतात त्या निरोपांचे क्लास ठेवले असतील आणि त्यातलं फील्ड बदललं, तर कंपाइल सगळं होईल आणि वायरवर मात्र जुनं आणि नवं समोरासमोर येईल. म्हणून निरोपांचे क्लास कॉमनमध्ये ठेवूच नका. ज्या सर्व्हिसचा एपीआय, तिनेच त्याचा करार जपायचा.

आणि हो, सोर्सच हरवलेली जार एका रिपोत कशी आणणार ते मला विचारू नका.

डेटावाली_मानेवाडा · बुधवार, दुपारी १२:१०

पायथॉनवाल्यांसाठी एक इशारा, कारण परसोडीकरांच्या जारचं नाव 'कॉमन' वाचून माझ्या पोटात गोळा आला. आमचं अंतर्गत पॅकेज असंच साध्या नावाचं होतं, आणि पिपला (पायथॉनची पॅकेजेस आणणारं टूल) आमचा सर्व्हर 'एक्स्ट्रा इंडेक्स' म्हणून दिला होता. लोकांना वाटतं पिप आधी एकीकडे बघतो, नसेल तर दुसरीकडे. तसं नाही. दोन्हीकडे बघतो आणि ज्याचा आकडा मोठा ते घेतो. कोणी बाहेरच्यांनी पायपीआय या सार्वजनिक कोठारावर त्याच नावाचं ९९.० टाकलं तर तेच तुमच्या सर्व्हरवर येऊन बसणार. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका संशोधकाने ही युक्ती जाहीर केली. त्याआधी त्याने मोठमोठ्या कंपन्यांच्या आत शिरून दाखवलं होतं. एकच इंडेक्स द्या, तुमचाच, आणि बाहेरचं त्याच्यामार्फत येऊ द्या. एनपीएममध्ये कंपनीच्या नावाचा स्कोप (पॅकेजच्या नावाआधीचा उपसर्ग) घ्या. मेव्हनमध्ये ग्रुप आयडी असतो म्हणून जरा बरं आहे.

परसोडीकर · बुधवार, रात्री ११:३०

सगळ्यांचे आभार. आता अजून एक गाठ सांगतो, जी मी सोमवारी लपवली होती. चौदापैकी पाच सर्व्हिसेस स्प्रिंग बूट ३ वर नेल्यात, नऊ अजून २.७ वरच. बूट ३ ला जावा १७ लागते आणि सर्व्हलेटची (वेब विनंत्या हाताळणाऱ्या जावा कोडची) पॅकेजेस 'जावाएक्स'वरून 'जकार्ता' झाली. कॉमनमधला लॉगिनचा फिल्टर जावाएक्सवाला. म्हणून त्या पाच सर्व्हिसेससाठी कोणीतरी कॉमनची ब्रँच (वेगळी प्रत) काढली, आणि आता दुरुस्त्या दोन्हीकडे हाताने करतो. कधी विसरतो.

वर्धा_रोड · गुरुवार, सकाळी ७:५५

ब्रँच बंद करा, जारचे तुकडे करा. गाभा एकीकडे: तारखा, पैसे, पॅन. त्यात सर्व्हलेट नाही, स्प्रिंग नाही, आणि तो जावा ८ साठी कंपाइल केलेला, म्हणजे नव्या-जुन्या दोघांनाही चालेल. फिल्टरच्या दोन बारक्या जार, एक जावाएक्सची, एक जकार्ताची, दोघींनी अक्कल गाभ्यातूनच घ्यायची. नऊ सर्व्हिसेस पलीकडे गेल्या की जावाएक्सवाली जार पुरून टाका. २.७ चा मोफत सपोर्ट नोव्हेंबर २०२३ मध्येच संपलाय, हे वेगळं सांगायला नको. पीडीएफ आणि एक्सेल आपापल्या वेगळ्या जारमध्ये, ज्याला हवं तो घेईल.

इतवारी_बॉय · गुरुवार, सकाळी ८:१०

आन् तालुके?

वर्धा_रोड · गुरुवार, सकाळी ८:११

तालुके डेटाबेसमध्ये, भाऊ.

परसोडीकर · सहा आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८:०५

धागा वर आणतो, कारण मधल्या काळात तिघांनी पुढे काय झालं म्हणून मेसेज केले.

एका रिपोत सगळं नाही आणलं. कॉमनचे तुकडे मात्र केले आणि ते सगळे एका रिपोत ठेवले. गाभा, दोन फिल्टर, पीडीएफ, एक्सेल, बीओएम. सर्व्हिसेस आपापल्या जागी. स्नॅपशॉट फक्त स्वतःच्या मशीनवर, नेक्ससवर चढवायला बंदी. मालक दोन: त्यांत मी नाही हे मुद्दाम ठरवलं, कारण मी असलो की कोणी मला नाही म्हणत नाही. एक ती बिलिंगवाली मुलगी आहे आणि दुसरा तोच रिपोर्टिंगवाला पोरगा. पोरगा आता इतका कडक झालाय की गेल्या आठवड्यात माझाच पीआर परत पाठवला, 'ही मोडतोड आहे, दुसरा आकडा नाही पहिला वाढवा' म्हणून. बरोबर होता.

एन्फोर्सर लावला त्या दिवशी चौदापैकी तेरा बिल्ड लाल. हिरवी राहिली ती एसएमएस सर्व्हिस, तीही तिच्यातून पीडीएफ काढून टाकल्यावर. सगळं निस्तरायला अकरा दिवस गेले. नवीन व्हर्जन आलं की रेनोव्हेट नावाचा बॉट प्रत्येक सर्व्हिसमध्ये पीआर उघडतो. सुरुवातीला एका सोमवारी ७३ पीआर येऊन पडले, मग गटवारी लावली: छोट्या दुरुस्त्या आठवड्यातून एकदा एकत्र, पहिला आकडा बदलणारं एकेक वेगळं. ग्वाव्हा गेलं. एसएमएस सर्व्हिसची डॉकर इमेज निम्म्याहून लहान झाली, ते पाहून साहेब पहिल्यांदा हसले.

जमलं नाही तेही सांगतो. नऊपैकी चारच सर्व्हिसेस बूट ३ वर गेल्या. पाच अजून २.७ वरच आहेत, त्यातल्या दोघींना कोणी हात लावायला तयार नाही. आणि बॅचमधलं 'कॅच एक्सेप्शन' पंचवीस ठिकाणी निघालं, ते काम चालू आहे.

तर्री_मारके · रविवार, रात्री ८:१२

चलान-क्लायंटचा सोर्स?

परसोडीकर · रविवार, रात्री ८:३१

हां, ते राहिलंच. जार अनझिप करून मॅनिफेस्ट उघडली. त्यात 'बिल्ट-बाय' म्हणून एक ओळ असते, जुना मेव्हन बिल्ड करणाऱ्याचं युजरनेम तिथे लिहून ठेवायचा. नाव ओळखीचं निघालं, २०२१ मध्येच आमच्याकडून सोडून पुण्याला गेलेला मुलगा. फोन केला. म्हणाला, "दादा, तो कोड माझ्या जुन्या लॅपटॉपवर होता, तो तर मी जाताना आयटीवाल्यांकडे जमा केला." आयटीवाल्यांनी डिस्क पुसून तो लॅपटॉप दुसऱ्या कोणाला तरी दिला. रजिस्टरमध्ये बघितलं कोणाला दिलाय.

तो माझ्याच टेबलावर आहे. हे त्याच्यावरूनच टाईप करून राहिलो.

जार डिकंपाइल करून, म्हणजे तयार मालातून कोड परत काढून, चाळीस क्लास हाताने साफ करतोय, एकतीस झाले.